भंडाऱ्यात अडकलेली पिन

५ जानेवारी, रविवार

पडलो! लई न्हाई, गुडघा खरचटला. फटफटीवर बानूकडं वडगावला चाललो हुतो. धाकटी बहीण, एकटी असती, मी गेल्याबिगर रविवारचं जेवत न्हाई. वाटंत उसाच्या ट्रॉलीला मागनं धडकलो. ट्रॉली कुठनं आली कळलंच न्हाई.

पोरगा मल्हार लगेच सुरू — "आबा, आता गाडी बंद. इकून टाकू." मी म्हणलो, मला काय धाड भरलीय? पुढचा ब्रेकच लागला न्हाई! ब्रेक नीट झाला तर? म्हणाला, तर बघू. बघू म्हंजी व्हयच की!

६ जानेवारी

शिरूरचा मच्छिंद्र मेस्त्री येऊन गेला. पुढचं चाक हातानं फिरंना. कॅलिपर, म्हंजी ब्रेकचा चिमटा, ज्या पिनेवर पुढं-मागं सरकतो ती पिनच जाम झालीय, तवा ब्रेक धड लागंना न् सुटंना, म्हणाला. अख्खा कॅलिपर बदला. आन् मल्हारकडं बघून हसला. दोघांचं संगनमत!

मी सांगितलं, पिन मीच सोडवतो. निम्मं आयुष्य मेंढरं राखलीत, एका पिनेला भितो व्हय?

७ जानेवारी

डिझेल सोडलं. हलंना.

८ जानेवारी

हलंना! पाना निसटून बोट सोललं. पिनेच्या सात पिढ्या काढल्या. सूनबाई आतनं हसत हुती, ऐकू आलं मला.

९ जानेवारी

आज प्रतिभा, म्हंजी सूनबाई, कांद्याचं खुरपण सोडून शेजारी येऊन बसली. मी आपला जोर लावतोय, जोर लावतोय. ती म्हणाली, आबा, पाना पिनेवर न्हाई, शेजारच्या बोल्टावर लावलाय. गाडीवर सावली हुती, दुसरं काय.

मग डोक्यात उजेड पडला. अडेल मेंढा ओढून कवा येत न्हाई. आधी मागं रेटायचा, त्यो गोंधळला की पुढं घ्यायचा! कडकडीत पाणी वतलं, पाना धरला, आन् पिन बाहेर वढायची सोडून उलटी आत फिरवली.

कर्र! हलली! केसभर, पर हलली! असा वरडलो की शेजारचा ज्योतिबा काठी घिऊन पळत आला. त्याला वाटलं साप निघाला.

१० जानेवारी

पिन बाहेर!!

आन् आत काय, तर भंडारा! दर सोमवतीला जेजुरीला जातो, आधी गाडीवर उधळतो, मग सोताच्या कपाळाला. पिनेचं रबर फाटलेलं. त्यातनं आत शिरला, पाणी पिला, दगड झाला. म्हंजी माझ्याच भक्तीनं ब्रेक आवळला. प्रतिभा म्हणाली, "देवानंच थांबवलं म्हणायचं तुम्हांला." दोघंबी डोळ्यांतनं पाणी येस्तवर हसलो.

पर देवाचा भंडारा मोरीत कसा टाकायचा? खरवडून कागदात घेतला, लिंबाच्या बुडात ठिवला. पाया पडलो.

११ जानेवारी

मच्छिंद्रनं नवं रबर दिलं, त्याचं येगळं ग्रीसबी दिलं. साध्या ग्रीसनं रबर फुगतं म्हणं. सगळं जोडलं. चाक फिरवलं, नुसती भिंगरी! ब्रेक दाबला, जाग्याव गप!

पहिली फेरी प्रतिभानं मारली. हिला गाडी येती हे मला ठावंच न्हवतं! माहेरी भावाची चालवायची म्हणं. काय झोकात वळवली! मग मल्हारनं चालवून बघितली. उतरला आन् चावी माझ्या हातात दिली. मी रुबाबात मिशीवरनं हात फिरवला.

१२ जानेवारी, रविवार

गाडी धुतली, पुसली. आज भंडारा फकस्त माझ्या कपाळाला. चाललो बानूकडं, एकटा!

१३ जानेवारी

काल बानू भर रस्त्यात उभी हुती, दोन्ही हात वर करून. ऊन लख्ख. उडी मारून कडंला झाली म्हणून वाचली. ती मागं राहिली तवा मी ब्रेक दाबला. गाडी जाग्याव थांबली.

"दादा, मी तुला दिसले न्हाई?" लई हळू इचारलं तिनं.

ती ट्रॉलीबी दिसली न्हवती. त्या दिशी मी ब्रेक दाबलाच न्हवता.

चावी प्रतिभाच्या हातात दिली. बानूला सांगितलंय, रविवारी येतो. मागं बसून.