खेकडा तेवढा आमच्यासारखा बोलतो

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
२० जानेवारी २००८

चि. अविनाश यास ताईचे अनेक आशीर्वाद.

दिवाळीनंतर तुला चार ओळीही लिहिल्या नाहीत, संक्रांत होऊन गेली तरी तिळगूळ पाठवला नाही, याबद्दल आधी माफी मागते. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, शाळेचं स्नेहसंमेलन झालं. कारणं खरी आहेत, पण पूर्ण खरी नाहीत. पुस्तक हातात पडलं की चांगली बातमी घेऊनच लिहायचं, असं मी ठरवून बसले होते.

तुमच्या प्रकाशनाकडून माझं पुस्तक काल आलं. चित्रं फार सुंदर आहेत. काठावर पालथी पडलेली होडी, तिच्या सावलीला बसलेल्या कोंबड्या, खाडीचं शेवाळी पाणी, सगळं जसंच्या तसं. आईला अजून वाचायची परवानगी नाही, म्हणून तिच्याजवळ बसून मोठ्याने वाचायला घेतलं. पहिल्याच पानावर भामा होडी म्हणाली, ‘घाबरू नका, मी आहे ना!’ मला वाटलं माझीच जीभ घसरली. परत पाहिलं, तर छापलेलंच तसं. पुढच्या पानावर तेच, शेवटच्या पानावरही तेच. आईने मला थांबवलं आणि विचारलं, ही कुठली होडी गं? मी म्हटलं, भामा, आपल्याला घ्यायला आलेली. ती म्हणाली, छे, ती अशी नव्हती बोलत.

तू तेव्हा पुण्यात होतास, म्हणून पुन्हा लिहिते. २००५च्या पुरात आपल्या नदीकाठच्या घरात माळ्यापर्यंत पाणी चढलं. आई आणि मी शेजारच्यांच्या गच्चीवर होतो. खाडीवर पूल नव्हता तेव्हा पलीकडे नेणारी होडी अडकली, कुणी चिखलात रुतलं, की कोळीवाड्यात ‘भामाला काढा’ म्हणून हाक जायची. पूल झाला आणि तिच्या नावाड्याने, काशिरामभाऊंनी, ती काठावर पालथी घातली. त्या दिवशी त्यांनी ती पुन्हा उलटवली, फटींत चिंध्या आणि डांबर कोंबलं आणि वल्ही मारत थेट आपल्या गल्लीत आणली. पावसात आम्हाला काही दिसत नव्हतं. आधी आवाज आला, ‘भिव नका, आमी हाय.’ दुपारपासून भिंतीला धरून बसलेली आई त्या आवाजाला उठली.

काशिरामभाऊ गेल्यावर ही गोष्ट मी त्यांच्या घरी, जनीकाकूंच्या ओट्यावर बसून लिहून घेतली. त्यांनी बदल्यात एकच विचारलं होतं, की आमची होडी आमच्यासारखीच बोलंल ना? मी हो म्हटलं. त्यांची निशा माझ्याच शाळेत शिकवते, हे तुला माहीत आहे. लहानपणी ‘नाय’ म्हटल्याबद्दल बाईंनी तिला वर्गाबाहेर बसवून पाटीवर ‘नाही’ घोटायला लावलं होतं. ‘होडी हाय म्हणणार, आणि ते पुस्तकात छापणार’ हे ऐकून ती आधी हसली आणि मग तिने मला ते परत म्हणायला लावलं होतं.

छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्याची चूक म्हणावी, तर चूक प्रत्येक पानावर त्याच जागी पडत नाही. आणि खेकडा मात्र अजून ‘मला नाय जमायचं’ म्हणतोय. माझ्या मजकुरात काठावरचे सगळेच तसं बोलत होते. आता एकटा खेकडाच उरला आहे, होडीखाली लपून बसणारा, भित्रा. काय झालं ते मला सविस्तर लिही. फोन नको, फोनवर तू ‘बरं, ठेवतो’ म्हणतोस.

आईचा तुला आशीर्वाद. तुझ्यावरचा लोभ आहे तिथेच आहे, तो हलू नये एवढं बघ.

तुझी
ताई

डायरीतल्या सवयीप्रमाणे इथेही लिहिते. उद्या : शाळेत आलेला पुस्तकांचा गठ्ठा निशाच्या आधी गाठून कपाटात ठेवणे.

---

पुणे
२४ जानेवारी २००८

ती. ताईस अविनाशचा शि. सा. न.

पत्र मिळालं. खालचं ‘उद्या’ वाचून हसू आलं. अकरावीत असताना तू डायरीत ‘उद्या : अविनाशशी न भांडणे’ असं लिहिलं होतंस आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच माझा पतंग फाडला होतास. तेव्हापासून तुझ्या ‘उद्या’ची मला धास्ती आहे.

आता मुद्द्याचं. आमची चित्रकार बडोद्याची. तिला मराठी येतं, पण घरापुरतं. ‘मी हाय’ या पानावर तिने होडीला एक वल्हं वर करायला लावलं आणि प्रवाशांना टाटा करावा तसं ‘हाय’ करणारी होडी काढून पाठवली. ऑफिसात आम्ही दिवसभर हसलो. पण साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, हिने असं वाचलं तर कोथरूडची पोरं कसं वाचतील? शिवाय शाळांच्या ग्रंथालयांसाठी निवड करणारे लोक प्रमाणभाषा बघतात. नायक अशुद्ध बोलला की पुस्तक बाजूला पडतं. म्हणून होडीचं आणि नावाड्याचं बोलणं मी सरळ केलं. खेकड्याला हात लावला नाही. तो गमतीचा आहे, त्याला ते शोभतं. स्थानिक रंग राहिला, आणि मुलांना तोच सगळ्यात जास्त आवडतोय.

प्रुफं तुझ्याकडून तपासून आली, त्यानंतर हे झालं. तुला विचारायला हवं होतं, कबूल. पण विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, आणि मग पुस्तक या वर्षी निघालंच नसतं. ताई, एका क्रियापदासाठी अख्खी होडी बुडवायची का? गोष्ट तीच आहे. पालथी होडी पुन्हा पाण्यात जाते, लोकांना वाचवते. जनीकाकूंच्या यजमानांचं नाव अर्पणपत्रिकेत आहे, ते मीच टाकलं.

आणि खरी बातमी. १० फेब्रुवारीला, रविवारी, प्रकाशन पनवेललाच करायचं ठरलंय. जनीकाकूंना शाल-श्रीफळ. होडी टेम्पोत घालून, हार-फुलं लावून हॉलच्या दारात आणायची. वर्तमानपत्रवाले येतील. मी निशाताईंना फोन करतोच आहे. तू फक्त छानशी साडी नेसून ये आणि कपाळावर आठ्या आणू नकोस.

आईच्या डोळ्यात औषध वेळेवर घालत जा. राग आला असेल तर तिळगुळाबरोबर पाठव, एकदमच खातो.

तुझा
अविनाश

---

कोळीवाडा, पनवेल
२९ जानेवारी २००८

आदरणीय पद्मजा मॅडम यांस निशाचा स. न. वि. वि.

शाळेत आपली रोज भेट होते, तरी पत्र लिहीत आहे. कारण समोर बोलताना माझी भाषा अशुद्ध होते. लिहिताना विचार करता येतो.

आपण पुस्तकांचा गठ्ठा ग्रंथालयाच्या कपाटात मागे ठेवला होता. त्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते, हे आपल्या लक्षात राहिले नसावे. पुस्तके मला दाखवायची नव्हती, एवढे त्यावरून समजले. का दाखवायची नव्हती, ते पुस्तक वाचल्यावर समजले.

माझ्या विनिताने एक प्रत घरी आणली आणि हौसेने आजीला वाचून दाखवली. ती दुसरीत आहे, चांगले वाचते. होडीचे बोलणे तिने बाईंच्या आवाजात वाचले आणि खेकड्याचे बोलणे तोंड वाकडे करून. आई शांतपणे ऐकत होती. दुसऱ्या दिवशी विनिताने तिला वेणी घालून द्यायला सांगितले. आईच्या हाताला मासळीचा वास होता, म्हणून ती म्हणाली, आता नाय जमायचं. त्यावर विनिता हसत सुटली आणि तिला ‘खेकडा आजी’ म्हणाली. मुलीचा दोष नाही. पुस्तकात जे आहे ते ती शिकली. मी तिला मारणार होते, तर आईने मला अडवले.

आई एवढेच म्हणाली, की मग ती आमची होडी नाय, ती दुसरी कुनाची आसंल.

श्री. अविनाश सरांचा फोन आला होता. होडी टेम्पोतून न्यायची आहे आणि आईचा सत्कार करायचा आहे, असे ते म्हणाले. मी आईला विचारले. तिचे उत्तर आहे तसे कळवते. पुस्तकातली होडी नीट बोलते, तिलाच हार घाला. आमची पालथीच बरी हाय.

आपण माझ्या वडिलांच्या ओट्यावर बसून गोष्ट लिहून घेतली होती. तेव्हा मी चहा केला होता आणि आपण दोनदा मागून घेतला होता. म्हणून हे सगळे लिहिले, नाहीतर लिहिले नसते. काही चुकले असल्यास क्षमा असावी.

आपली विश्वासू
निशा

---

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
३१ जानेवारी २००८

चि. अविनाश यास आशीर्वाद.

निशाचं पत्र सोबत पाठवते आहे. आधी ते वाच, मग हे.

त्यात कुठेही ‘तू’ नाही, हे तुझ्या लक्षात येईल. आम्ही सहा वर्षं एका बाकावर डबे खातो. तिच्या डब्यातली सुकट मी आणि माझ्या डब्यातली पुरणपोळी ती, अशी आमची वाटणी असते. आता स्टाफरूममध्ये ती मला ‘मॅडम, आपण बसावं’ म्हणते. एकही चूक करत नाही.

तू केलंस त्यात मला सगळ्यात जास्त काय लागलं, याचा मी दोन दिवस विचार करते आहे. चित्रकर्तीची चूक मला लागली नाही, ती खरंच हसण्यासारखी आहे. साहेबांचं भय मला समजतं. लागलं ते तुझं एक वाक्य. विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते, म्हणून तू विचारलं नाहीस. म्हणजे माझं उत्तर तुला ठाऊक होतं आणि ते चुकवण्यासाठी तू माझ्या सहीच्या मागून गेलास. चुकून झालं असतं तर मी एव्हाना तुला माफ करून पोळ्या लाटत असते. आणि दुसरा तुझा शब्द, ‘शोभतं’. भित्र्याला शोभतं, वाचवणाऱ्याला शोभत नाही. हे तू ठरवून केलं नाहीस हे मी मानते. न ठरवता हात तिकडेच गेला, याचंच जास्त वाईट वाटतं.

मी स्वतःलाही विचारून पाहिलं. पुस्तकावर माझं नाव आहे म्हणून हे झोंबतंय का? थोडं तसंही असेल. आणि मी गठ्ठा कपाटात ठेवला तो कशासाठी? निशा दुखावेल म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. पण तू मला विचारलं नाहीस आणि मी तिला सांगितलं नाही, यात फरक दाखवायला बसले तर मला तो नीट दाखवता येत नाही. कोळीवाड्यातून पाहिलं तर आपण दोघं भावंडं एकाच बाजूला उभी आहोत.

आईला तुझं पत्र वाचून दाखवलं. तिने पुस्तकाचं पहिलं पान पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, ‘घाबरू नका, मी आहे ना’ हे मला पहिल्या दिवसापासून ओळखीचं वाटत होतं, आता आठवलं. त्या पुराच्या दुपारी फोन बंद पडायच्या आधी अविनाशच पुण्याहून तसं म्हणाला होता. ती पुढे म्हणाली, अविनाशला सांग, तो प्रेमाने म्हणाला होता, मला माहीत आहे. पण होडी त्याची नव्हती. हे मी माझ्याकडून जोडलेलं नाही.

आता माझं म्हणणं. पुढच्या छपाईत माझं नाव नको. होडीचं नाव बदल, आणि काशिरामभाऊंची अर्पणपत्रिका काढ. दुसऱ्याच होडीच्या गोष्टीवर त्यांचं नाव राहणं बरं नाही. मजकूर पुन्हा माझ्या प्रुफांसारखा करणार असशील, तर आधी जनीकाकूंना विचारू, मला नाही. १० तारखेला मी येणार नाही. होडीही येणार नाही, त्यामुळे टेम्पोवाल्याला वेळेवर कळव.

काल मी कोळीवाड्यात जाऊन आले. होडी काठावर तशीच पालथी आहे, वर जाळी वाळत घातली होती. दार लोटलेलं होतं. नेहमीप्रमाणे आतून जनीकाकूंनी विचारलं, ‘कोन हाय?’ मी नेहमीप्रमाणे म्हटलं, मी आहे काकू, पद्मजा. आत भांड्यांचा आवाज थांबला. मग पुन्हा प्रश्न आला, सावकाश, एकेक अक्षर नीट उच्चारून, ‘कोण आहे?’ त्यांच्या तोंडून ते शब्द मी कधी ऐकले नव्हते. मला दार ढकलता आलं नाही. दारातूनच परत आले.

रस्ताभर विचार करत होते, की काय म्हणायला हवं होतं. ‘मी हाय’ म्हटलं असतं तर ती नक्कल झाली असती, विनिताने तोंड वाकडं केलं तशीच. ‘मी आहे’ तर तुझी होडीच म्हणते.

तुझ्या दोन्ही पोरांना माझे पापे. आशीर्वाद दिले की परत घेता येत नाहीत, तेव्हा तुझ्याकडे आहेत ते तुझेच. उत्तर यायला वेळ लागला तरी चालेल, पण ते तुझं असू दे, साहेबांचं नको.

ताई

उद्या : कोळीवाड्यात जाणे. आतून विचारलं, तर नुसतं नाव सांगणे.