बाबांची साखर, माझी देखरेख

३ मार्च, सोमवार
रक्तात एवढी साखर असताना माणूस शिट्टी वाजवत दाढी कशी करू शकतो? मला उत्तर सापडलेलं नाही. बाबा बस चालवतात. महिनाअखेरीस त्यांची मेडिकल. साखर आणि कोलेस्टेरॉल खाली आलं नाही, तर स्टिअरिंग काढून घेणार आणि डेपोत बसायला लावणार. बावीस वर्षं बस चालवणाऱ्या माणसाला! घरातली पहिली पदवीधर मी. आहाराचा ताबा घेतला. आई म्हणाली, तुझी पदवी भूगोलाची ना गं? दुर्लक्ष केलं.

४ मार्च, संध्याकाळी सहा
कपाटाची झडती. क्रीमच्या बिस्किटांचे चार पुडे, चिप्स, चीज. फेकून देणं मनाला पटेना. बाबांच्या नजरेस पडू नयेत म्हणून दोन पुडे मीच संपवले. कुणीतरी त्याग करायलाच हवा.

९ मार्च, रविवार
फ्रिजवर तक्ता लावला. ओट्स, उकडलेल्या भाज्या, सूप. बाबांनी विचारलं, पथ्य आहे की शिक्षा? आत्या केक घेऊन आली. बाबांनी बोटभर तुकडा घेतला. उरलेला घरात ठेवणं धोक्याचं. ठेवला नाही.

१४ मार्च
बाबा तक्ता पाळत नाहीत! आईच्याच हातचं जेवतात, फक्त निम्मं. शिवाय डेपोतून घरी चालत येतात. तिथल्या नर्सबाईंनी सांगितलंय म्हणे. अगदीच अशास्त्रीय. काळजीने मला सारखी भूक लागते. चीज संपलं. एक संकट टळलं.

२३ मार्च
जीन्सचं बटण लागेना. आईने कपड्यांची पावडर बदललेली दिसते.

२९ मार्च, सकाळी आठ
लॅबमध्ये बाबांबरोबर माझंही रक्त दिलं. आदर्श रिपोर्ट कसा असतो, हे घरच्यांना एकदा दिसू दे.

३१ मार्च
बाबांचे सगळे आकडे मर्यादेत. मेडिकल पास! माझे डोळे भरून आले. म्हटलं, बघा तक्त्याची कमाल. आई म्हणाली, दुसरा कागदही वाच. माझी साखर काठावर, कोलेस्टेरॉल काठाच्या बरंच वर. रिपोर्टची अदलाबदल झालीय. नक्की.

१ एप्रिल
लॅबवाल्या ताईंना जाब विचारला. त्यांनी न चिडता पुन्हा रक्त घेतलं. तेच आकडे. डॉक्टरांकडे बाबाही आले. महिनाभर काय काय खाल्लं, डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, तसं विशेष काही नाही. बाबा म्हणाले, तिला कुठून आठवणार डॉक्टर, पोरीचं सगळं लक्ष माझ्या ताटात होतं. डॉक्टर म्हणाले, घरी जाऊन आठवून लिहा, आणि खरं लिहा.

२ एप्रिल
वेगळं लिहायची गरजच नव्हती. सकाळी ही वही बाबांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला. शेवटचं पान येईपर्यंत मी समोर उभी राहिले.