भोपळ्यावरचा पहिला कोयता

वरची वाडी, पोलादपूर
पौष वद्य पंचमी, शके १८५५

प्रिय मैनावन्सं,

हे पत्र दत्तारामभावोजी वाचून दाखवत असतील, तर भावोजी, आधी वन्संना पाटावर बसवा आणि चुलीवर दूध असेल तर उतरवा. मग पुढचं वाचा. वन्सं, घाबरू नका. तुमचे दादा मुंबईहून घरी आलेत. मी हे लिहितेय आणि ते पडवीत बसून भाकरी खातायत, वर कालवणात मीठ कमी म्हणून कुरकुरतायत. म्हणजे सगळं ठीक आहे. एवढं आधी ऐकून घ्या, बाकीचं मागाहून.

तुम्ही आमच्यावर रुसलात, ते कळलं. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते, आणि आत्याबाईंनी, तुमच्या सख्ख्या आईनं, मात्र तुमच्या सासरी शिवथरला निरोप धाडला की यंदा घर शाकारायचं राहिलंय, तिकडंच राहा. रुसाल नाहीतर काय! मी असते तर भांडायलाच आले असते. पण वन्सं, घर केव्हाच शाकारून झालं होतं. दिवाळीनंतर आपल्या वाडीतला चांगू मुंबईहून आला आणि त्यानं सांगितलं, तुमच्या दादांना गिरणीत अपघात झाला, इस्पितळात आहेत, जीव वाचलाय पण ताप हटत नाही. तुम्हाला तेव्हा नववा लागलेला. ऐकल्यावर तुमचं काही बरंवाईट झालं तर, या भीतीनं आत्याबाईंनी मला देवापुढं उभं करून शपथ घातली. माझं तोंड कसं आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. ते बंद ठेवता ठेवता मला धाप लागायची. आणि सगळ्यात जास्त काय खात होतं सांगू? दर महिन्याला स्वतःच्या हातानं पत्र लिहिणारा माणूस, आता त्याचं एक अक्षर येईना.

आता भोपळ्याचं ऐका. गोठ्यावर चढवलेल्या वेलाला यंदा एकच तांबडा भोपळा धरला, पण केवढा म्हणता! माझ्या कवेत मावेना. अख्ख्या भोपळ्याला बाईनं पहिला घाव घालायचा नाही, भोपळा घरचा थोरला मुलगा मानायचा, ही आपली रीत. घरात पुरुष नसला की शेजारच्याला हाक मारतो आपण. पलीकडच्या घरचे रामाभावोजी आपणहून आलेही होते. आत्याबाई त्यांच्यावर अशा काही खेकसल्या! म्हणाल्या, “तुझ्या घरातला फोड जा. ह्यो माझ्या सहदेवाचा हाय, तोच येऊन फोडंल.” झालं! तेव्हापासून तो भोपळा माळ्यावर आणि आत्याबाईंचा जीव त्या भोपळ्यात. रोज सकाळी शिडी लावून वर जायच्या, त्याच्यावर हात फिरवायच्या, मग कुठं चहाचा घोट घ्यायच्या.

आणि एके दिवशी माझ्या बोटाला देठाजवळ मऊ लागलं. मी तो भोपळा मऊ बाजू भिंतीकडं करून ठेवला. पण आत्याबाईंच्या बोटांपासून काय लपतंय? दुसऱ्या दिवशी त्या खाली उतरल्या आणि चहाला शिवल्याही नाहीत. जेवल्या नाहीत, मला टाकून बोलल्याही नाहीत. शेवटी मीच तडकले. म्हटलं, भोपळा तो भोपळा नि माणूस तो माणूस, फळ नासलं म्हणून कुणाचा मुलगा जातो का? एवढं तावातावानं बोलले आणि गोठ्यात जाऊन ढसाढसा रडले, कारण मलाही तेच वाटत होतं.

परवा दुपारी आम्ही अंगणात वाल झोडत होतो आणि पायवाटेवर चांगू दिसला, डोक्यावर ट्रंक घेतलेला. मागून घोंगडी पांघरून तुमचे दादा. आगबोटीनं बाणकोट, खाडीतून मचव्यानं दासगाव, तिथून गाडीनं आणि मग चालत. किती वाळलेत म्हणून सांगू! पण चालत आले हो, आपल्या पायांनी आले. आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि त्यांचं पाणी पिऊन होतंय न होतंय तोच भोपळा नि कोयता आणून पुढ्यात ठेवला.

कोयता कुणी कसा धरला ते शेवटी सांगते. आधी नासलेल्याचं सांगते. घाव देठाभोवती घातला, झाकण वर आलं, आणि जेवढं मऊ होतं तेवढं सगळं त्या झाकणाबरोबरच निघून आलं. आत भोपळा केशरासारखा, ठणठणीत! आत्याबाई हसल्या. मग म्हणाल्या, भाजी नको, मैना नि सहदेव लहान असताना मी करायचे तसा भरून भाजू. बिया काढल्या, राखेत घोळून ठेवल्यात. आत पिकली केळी, ओलं खोबरं, गूळ, आल्याचा तुकडा, आणि तुम्ही उन्हाळ्यात धाडलेलं आंब्याचं साठं बारीक करून. देठाकडचं खराब काढून टाकलं, केळीच्या पानाचं झाकण बांधलं आणि अंगणातल्या खड्ड्यात शेणी नि भाताचं तूस पेटवून निखाऱ्यात पुरला. मी गूळ जरा सढळ हातानं घातला. तो उतू गेला, करपला, धूर झाला. “हात हाय का फावडं गो?” म्हणून आत्याबाई मला सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं बोलल्या. वन्सं, दिवाळीपासून पहिल्यांदा मला शिव्या मिळाल्या! मला इतकं बरं वाटलं की मी आणखी एक ढेकूळ टाकायला निघाले होते. वासावर रामाभावोजी आले, त्यांना पहिली वाटी दिली. करपलेलं तेवढं तुमच्या दादांनी मागून घेतलं.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला बसले, ते. तुमच्या दादांनी घोंगडीतून डावाच हात काढला. त्या एका हाताला कोयता पेलेना तेव्हा उजवा काढावा लागला. उजव्या हाताची चारी बोटं गिरणीच्या यंत्रात गेलीत, वन्सं. अंगठा तेवढा राहिलाय. मग आत्याबाईंनी माझा हात ओढला, कोयत्याच्या मुठीवर ठेवला, त्याच्यावर तुमच्या दादांचा तो हात ठेवला आणि म्हणाल्या, “आता घाला. आता हाच त्याचा उजवा हात हाय.” रीत मोडली की पाळली, तुम्हीच ठरवा. ते आता मुंबईला परत जाणार नाहीत, इथंच शेती बघू म्हणतात. फक्त भाचीला बघायला शिवथरला चला म्हटलं की विषय बदलतात. काल कुठं बोलले, मैना हा हात बघून रडेल, आणि पोरगी घाबरेल. म्हणून वन्सं, काय रडायचं असेल ते आत्ता तिथंच रडून घ्या. मग लेकीला घेऊन माहेरी या. दारात आलात की त्यांच्या हाताकडं बघू नका, काही विचारू नका, पोरीला सरळ त्यांच्या मांडीवर द्या, उजवीकडं. तान्ह्या मुठीला धरायला अंगठा पुरतो.

वाट बघणारी,
तुमचीच वहिनी
तुळसा