सगळ्यात वरची ओळ

३ तारीख, सोमवार
लायब्ररीतल्या बाईंनी मागची खोली दिली. प्रोग्रॅमिंगचा वर्ग, मोफत, शिकवणार मी! विद्यार्थी दोन. रिटायर्ड नर्सआजी आणि शिंपीकाका. दोघं मला सर म्हणतात. काकांनी विचारलं, सर, शाळा का सोडलीत? म्हटलं, तिथं शिकण्यासारखं काही उरलं नव्हतं. काका एकदम इम्प्रेस.
संकल्प: उद्यापासून माणसांकडे बघून शिकवायचं. आज भिंतीकडे बघून शिकवलं. भिंतीला समजलं असावं.

५ तारीख
हवामानाच्या साइटवरून तापमान आणायचं होतं. प्रोग्रॅमला थांबायचं कधी ते सांगायचं राहिलं. त्यानं साइटला हजार वेळा तापमान विचारलं. साइटनं अख्ख्या लायब्ररीला ब्लॉक केलं. बाईंना म्हटलं, सर्व्हर डाऊन आहे. माझी चूक नाहीच. साइटच चिडकी.

१० तारीख
दुसरा डेटा हवा. नर्सआजी म्हणाल्या, अहो सर, आमच्या नातवाच्या शाळेचा गेल्या वर्षीचा दहावीचा निकाल नेटवर आहे की! तोच घेऊ.
माझीच शाळा. माझंच वर्ष. तोंडी परीक्षेच्या भीतीनं मी लेखीलाही गेलो नव्हतो. नाही म्हणायला तोंड उघडलं, हो बाहेर पडलं.
हरकत नाही. एकशे ब्याऐंशी नावं आहेत. मार्कांप्रमाणे लावायची आणि पहिल्या पाच ओळी दाखवायच्या. हुशार पोरं वर, मी तळाशी. तिथवर कोण जातंय? काय डोकं आहे माझं!

१२ तारीख, दुपारी ४
बाईसुद्धा बघायला आल्या. प्रोग्रॅम पहिल्या झटक्यात चालला. आयुष्यात पहिल्यांदाच. काकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा मला आठवलं, वेगळं सांगितलं नाही तर कॉम्प्युटर लहानापासून मोठ्याकडे लावतो.
सगळ्यात वर मी. वडिलांच्या नावासकट. सगळ्या विषयांत गैरहजर. एकूण शून्य.
कुणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. काका स्क्रीनपुढे वाकून म्हणाले, छे, चष्मा घरी राहिला, काही दिसतच नाही.
चष्मा नाकावर होता.

१७ तारीख
जाणार नव्हतो. पण मग आणखी एक गैरहजर लागला असता. गेलो. पायांकडे बघून सांगितलं, शाळा मी घाबरून सोडली. काका म्हणाले, असू दे रे बाळा, आता हे उलटं कसं लावायचं तेवढं सांग.
सर गेलं. बाळा आलं. आणि उलटं लावायचं मला आठवेना. नर्सआजी नातवाला विचारून आल्या होत्या. त्यांनी एक शब्द टाइप केला, मी तळाशी गेलो.
तो शब्द मी वहीत उतरवून घेतला.