बिरड्याची गुंडी

प्रिय मिल्काआत्या,

तुला जाऊन अजून वर्षही झालेलं नाही. गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं बरं की वाईट, हे मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर कुणीतरी नको म्हणालं असतं. पण आज दुपारी पेताह तिक्वाच्या आपल्या हॉलमध्ये जे झालं, ते तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. तुझ्यामुळेच झालं ते. खरं सांगू? तुझ्या चेष्टेमुळे.

विद्यापीठातल्या डॉक्टरबाई टेपरेकॉर्डर घेऊन तुझ्या स्वयंपाकघरात आल्या होत्या, आठवतं? फ्लोरामावशीने जिन्यातच विचारलं होतं म्हणे, "ही डॉक्टर इंजेक्शनवाली की पुस्तकवाली?" मी तेव्हा सैन्यात होते, मित्स्पे रामोनला. म्हणून तुझं मराठी हिब्रूत सांगायला बेनीदादा बसला. आपला बेनीदादा, ज्याला मराठीत हाक मारली की हिब्रूत 'आलो' म्हणतो आणि येत नाही!

आता मी त्याच बाईंच्या हाताखाली काम करते. तेल अविवला वर्ग संपले की त्यांच्या खोलीत बसून टेपांवर नावं घालते. मागच्या आठवड्यात त्यांनी छापखान्यातून आलेली प्रुफं हातात दिली. विद्यापीठाच्या अंकात येणारा लेख, आपल्या बेने इस्राएल लोकांच्या सणांवर, तुझ्या टेपवरून लिहिलेला. "फक्त हिब्रूच्या चुका बघ," म्हणाल्या. बसमध्ये जागा होती तरी मी उभ्यानेच वाचत आले, इतका आनंद झाला. नव्याचा सण, खिरीचा सण, सगळं होतं.

आणि मग आलं: 'तिशा बेआवच्या, म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाच्या, उपासाला हे लोक बिरड्याचा रोजा, म्हणजे बटणांचा उपास म्हणतात.'

बटणांचा उपास! खाली मोठी टीपही होती. शोकात कपडे फाडायची जी रीत आहे, तिचं हे सौम्य रूप असावं. कोकणात त्या दिवशी लोक अंगरख्याच्या गुंड्या उघड्या ठेवत असावेत.

बिरडं म्हणजे वाल. मोड आलेले, सोललेले, नारळाच्या रसातले. रोजा सुटल्यावर तुझ्या हातचे मी जन्मभर खाल्लेत. तरी मला तू जाणतेस. मला वाटलं, असेल एखादं गाव, जिथे खरंच गुंड्या उघडत असतील. मी कोण 'चूक' म्हणणारी? माझी शाळा तुझ्या ओट्याजवळची. तांदळाच्या पिशवीच्या कागदावर तू बाराखडी काढायला लावायचीस, आणि माझ्याकडून अक्षरावरचं टिंब राहिलं की म्हणायचीस, "गुंडी लाव गं, शब्द उघडा पडलाय." एवढंच माझं मराठी.

म्हणून मी फ्लोरामावशीला विचारायला गेले. अगदी हळूच विचारलं हं. पण संध्याकाळपर्यंत सगळ्या महिला मंडळाला बातमी.

"आपण यहुदी आहोत की नाही, हे एकदा इथल्या धर्मगुरूंनी ठरवायला घेतलं होतं," फ्लोरामावशी म्हणाली. "आता आपण काय खातो तेही दुसरेच ठरवणार? टेपा परत आणा म्हणावं. सगळ्या."

मंडळात सगळ्यांना ते पटलं. मला मात्र धडकी भरली. या बायका टेपा आणून कुठल्या तरी कपाटात टाकणार, आणि तुझा आवाज दुसरीकडे कुठेच नाही, आत्या. फोटो आहेत, साड्या आहेत, आवाज त्या एका टेपवर. आणि गप्प बसावं, तर तुझ्या नावावर बटणांचा उपास कायमचा छापला जाणार. काय करायला हवं होतं मी?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंना सांगितलं. नोकरी गेली असं धरूनच सांगितलं. त्यांनी प्रुफावर त्या ओळीखाली रेघ ओढली. मग म्हणाल्या, "टेप ऐकू या. तुमच्या बायकांच्या समोर."

तर आज त्या आल्या. बसने, ते जड यंत्र मांडीवर घेऊन. हॉलमध्ये चहासुद्धा कुणी विचारला नाही, इतकं वातावरण तापलेलं. बटण दाबलं, आणि आत्या, तू आलीस.

आधी नुसतं टप, टप, टप. मग तुझा आवाज: "बिरडं म्हणजे काय विचारते? सांग तिला, हे पण बिरडं." त्यावर बेनीदादा हिब्रूत: "बटण." पुढे तुझं हसू, आणि: "आणि ते पण बिरडं. पण ते असं सांगून नाही कळायचं. उद्या रोजा सुटला की जेवायला ये म्हणावं." त्यानंतर बेनीदादा काहीच बोलत नाही. टप, टप.

तू ब्लाउजच्या गुंडीला हात लावला असणार, होय ना? जुनी माणसं गुंडीलाही बिरडं म्हणायची, हे मला आज फ्लोरामावशीकडून कळलं. मला का नाही कधी सांगितलंस?

सगळ्या माना बेनीदादाकडे वळल्या. तो दाराशी उभा होता. "मला काय ठाऊक?" तो म्हणाला, चक्क मराठीत. "ती जेवायला बोलवत होती. ते काय ट्रान्सलेट करायचं? ती तर सगळ्यांनाच बोलवायची."

डॉक्टरबाईंनी विचारलं, "आणि हा टप टप आवाज? मला वाटलं टेप खराब आहे."

"वाल सोलतेय ती," फ्लोरामावशी म्हणाली. "ताटात टाकतेय. तुमच्या पुढ्यातच तर बसली होती."

मी ते हिब्रूत सांगितलं. बाईंनी चष्मा काढला. मला वाटलं रागावल्या. पण त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "म्हणजे मला जेवायला बोलावलं होतं," त्या म्हणाल्या, "आणि मी लेख लिहिला."

हे मी मराठीत सांगायच्या आधीच अर्ध्या बायका हसायला लागल्या. मग चहा आला.

पुढचं ऐक. फ्लोरामावशीने अट घातली: आमच्याबद्दल जे लिहाल ते छापण्याआधी इथे, या हॉलमध्ये, मराठीत वाचून दाखवायचं. बाई लगेच हो म्हणाल्या. अमेरिकेतले मूळ रहिवासीही आता हेच मागू लागलेत म्हणे: आमच्यावर लिहिता, तर आधी आम्हाला ऐकवा. फ्लोरामावशी म्हणाली, "बरोबर मागतात. त्यांना आमचा शालोम सांगा." टेप विद्यापीठातच राहणार आणि एक प्रत आपल्या हॉलला मिळणार. तुझा आवाज दोन्हीकडे!

मी मात्र घाबरतच म्हटलं की आत्याची चेष्टा छापू नका, लोक म्हणतील तिने फसवलं.

"फसवलं कुठे?" फ्लोरामावशी म्हणाली. "अर्धं तोंडाने सांगितलं. अर्धं जेवताना सांगणार होती."

चेष्टा लेखात ठेवायची ठरली. लेख तुझ्या आणि बाईंच्या, दोघींच्या नावाने येईल. आणि बिरड्यावरची टीप मी लिहायची, माझ्या नावाने. त्या अंकात आपल्यातल्या कुणी लिहिलेलं पहिलंच. टिपेत तुझं वाक्य मराठीतच राहणार. पण छापखान्यात आपली अक्षरं नाहीत, म्हणून ते मी हाताने लिहायचं आणि छापखानेवाले त्याचा ठसा करणार. माझं अक्षर, आत्या, ज्याला तू कोंबडीचे पाय म्हणायचीस.

परवा रोजा सुटेल. वाल भिजत घातलेत, डॉक्टरबाईंना जेवायला बोलावलंय, आणि या खेपेला निरोप मी स्वतः दिला आहे, पूर्ण. जेवण झालं की तुझं वाक्य सगळ्यांना वाचून दाखवीन आणि मगच छापखान्यात देईन. तोवर शंभरदा तपासीन, तू हसलीस तरी. 'बिरडं'वरचं टिंब राहून जाऊ देणार नाही. गुंडी लावूनच पाठवीन.

तुझी,
याएल