लहान ट्रान्समीटर आणि घासलेला क्रिस्टल

मी, नेमसिंग रूपसिंग आडे, वय वर्षे ५८, धंदा रेडिओ दुरुस्ती, राहणार पांढरकवडा, तालुका केळापूर, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली नव्हे तर स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी छाती निकामी झाली असे डॉक्टर म्हणतात. डोके मात्र शाबूत आहे, आणि म्हणूनच मला इतकी किळस येते आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर पत्नी हंसाबाई हिला हयातभर. तिच्या मागे मुलगा प्रेमसिंग व मुलगी रामीबाई यांना निम्मे निम्मे. मुलीला घरात वाटा कशाला, असे तांड्यावरचे भाऊबंद विचारायला येतील. त्यांना विचारू द्यावे आणि चहा न देता वाटेला लावावे.

२. दुकान, मीटर व दुरुस्तीची हत्यारे प्रेमसिंगला. गिऱ्हाइकांशी तो गोड बोलतो. गोड बोलण्याचा मला वीट आला आहे, पण दुकान त्यावर चालते.

३. मोठा लष्करी ट्रान्समीटर, तोही प्रेमसिंगलाच. हा त्यानेच पसंत केला होता, तेव्हा त्यानेच तो सांभाळावा. १९५८ साली मी त्याला नागपूरच्या जुन्या बाजारात पाठवले. हवेवर संदेश पाठवण्याचा सरकारी परवाना माझ्याकडे आहे, आणि त्या हौसेसाठी मला एक लहान यंत्र हवे होते. काय पाहायचे ते कागदावर लिहून दिले: एका माणसाला उचलता यावे, ट्रकच्या एका बॅटरीवर तासभर चालावे, क्रिस्टल बसवायची जागा असावी, सूर स्वच्छ असावा. हा दोन हमालांच्या डोक्यावर धूड घेऊन आला. "बा, पाह्य ना, तीन काटे हायेत! हिरवा लाइट बी लागते!" पंधरा मिनिटांत त्या धुडाने बॅटरी संपवली, आणि सूर असा घोगरा की ऐकणाऱ्याला खोकला यावा. लोक ट्रान्समीटर निवडतात की नवरदेवाचा घोडा, मला कळत नाही.

४. लहान ट्रान्समीटर. हा मी आणि रामीने तुपाच्या रिकाम्या डब्यात बांधला. तारेची वेटोळी तिची, जोडणी माझी. मी ब्रह्मदेशच्या लढाईत सिग्नलवाला होतो. कट्टकडची भाषा, म्हणजे तारेची मोर्स लिपी, मीच तिला बाराव्या वर्षी शिकवली, आणि विसाव्या वर्षी तिचा हात माझ्याहून सफाईदार चालू लागला. तिला परवान्याची परीक्षा द्यायची होती. हे यंत्र कोणाला द्यायचे ते लिहिण्याआधी पुढचे लिहिणे भाग आहे, आणि ते लिहिताना मला स्वतःची शिसारी येते.

क्रिस्टल म्हणजे स्फटिकाची नखाएवढी चकती. ट्रान्समीटर कोणत्या जागी, म्हणजे कोणत्या रेडिओलहरीवर, बोलणार ते तीच ठरवते. चकती घासून पातळ केली की जागा वर सरकते. जास्त घासली तर ती आम्हा हौशी लोकांना नेमून दिलेल्या पट्ट्याबाहेर जाते, आणि घासलेले परत भरून येत नाही. १९५९ च्या मार्चमध्ये मी दवाखान्यात असताना कोणीतरी या लहान यंत्रातली चकती घासली. आमचे यंत्र पट्ट्याबाहेर बोलू लागले आणि परवाना देणाऱ्या कचेरीचे पत्र आले: खुलासा करा. मी घरी येऊन पाहतो तो रामी पेन्सिलीचे शिसे चकतीवर घासत बसलेली. प्रेमसिंग म्हणाला, "हिनंच केलं बा. मी हात बी नाही लावला."

शिसे चोळले की चकती जड होते आणि जागा थोडी खाली येते. बिघडवणारा नव्हे, दुरुस्त करणारा शिसे चोळतो. हे मला ठाऊक होते. तरी मी पोराचे ऐकले, आणि कचेरीला लिहून दिले की माझ्या मुलीने परवानगीशिवाय यंत्रात ढवळाढवळ केली. दुकानाची किल्ली मी तिच्याकडून काढून घेतली. ती रडली नाही. पुढल्या वर्षी लग्न होऊन दारव्ह्याला गेली.

गेल्या दिवाळीत हमरस्त्यावरचा ट्रक मेकॅनिक जलाल, माझा तीस वर्षांचा दोस्त, सहज बोलून गेला: "नेमसिंगभाऊ, तुमचा प्रेमसिंग माह्या गॅरेजातून इंजिन घासाची पावडर घेऊन गेलता, तुम्ही दवाखान्यात होते तवा. मी म्हटलं कायले पायजे? तर म्हणे काच घासाची हाये." इंजिनाच्या पावडरीने क्रिस्टल घासला!

तरी मी गप्प राहिलो. खोटा खुलासा दिल्याचे कबूल केले तर माझा परवाना जाईल, ही भीती. जानेवारीत रामीने दारव्ह्याहून केलेला परीक्षेचा अर्ज परत आला. नकाराचे कारण म्हणून कचेरीने माझेच वाक्य उतरवून पाठवले होते. त्यानंतरही मी गप्पच.

५. हे कलम आज सकाळी वेगळे होते. त्यात मी लहान ट्रान्समीटर रामीला दिला होता, आणि माझ्या मृत्यूनंतर हे मृत्युपत्र कचेरीला दाखवून तिचे नाव साफ करावे, असे लिहिले होते. साक्षीदार जमले. तिच्या आईने निरोप धाडल्यामुळे रामीही आली होती. मी सगळे मोठ्याने वाचले. प्रेमसिंग म्हणाला, "बा, कायले जुनं उकरून राह्यला?" मी त्याच्याकडे पाहिले नाही. रामी म्हणाली,

"मले तुही पेटी नोको, बा. तू मेल्यावर खरं बोलणार काय? मंग जित्तेपणी कोण बोलन?"

ते कलम मी खोडले. खोडाखोड माझी आहे व तिच्याशेजारी माझी आणि दोन्ही साक्षीदारांची सही आहे. तिच्यासमोर बसून मी कचेरीला पत्र लिहिले: क्रिस्टल माझ्या मुलाने घासला, मुलीने तो सावरला, मी खोटे लिहिले. तिने ते दोनदा वाचले आणि स्वतः पोस्टात जाऊन रजिस्टर करून आली.

आता माझा परवाना जाईल. लहान ट्रान्समीटर कदाचित सरकारजमा होईल, म्हणून तो कोणाला देण्याचा हक्क मी सांगत नाही. रामीबाईला द्यायला खात्रीची अशी एकच वस्तू माझ्यापाशी उरली आहे. ती म्हणजे त्या पत्राची रजिस्टर पावती. ती या कागदाला टाचली आहे.

वरील मजकूर मी वाचला, मला समजला, आणि यातला एकही शब्द आता मागे घ्यायचा नाही.

सही: नेमसिंग रूपसिंग आडे

साक्षीदार, ज्यांच्यासमोर सही झाली:
१. जलाल वल्द बशीर, ट्रक मेकॅनिक
२. रामराव, शाळामास्तर

ठिकाण: पांढरकवडा
तारीख: ७ मार्च १९६१