चाईची लागण

वरळी,
४ फेब्रुवारी २०२४

चि. रश्मीस,
अ. आ. व जयभीम.

फोनवर बोलायला जीभ रेटेना, म्हणून लिहिते. तुझ्या डोक्यात मागे केस जाऊन रुपयाएवढी चाई पडलीय, असं दादा म्हणाला. लसूण चोळ, म्हणजे आतला किडा मरेल.

माझ्या प्रितीचं लग्न तोंडावर आलंय. तू करवली, म्हणजे तिच्याच खोलीत नटणार, तिच्याच कंगव्याने विंचरणार. नवऱ्या मुलीला लागण झाली तर गं? या खेपेस घरीच थांब. तुझी साडी पाठवून देते. आत्यावर रुसू नकोस.

तुझी,
कांताआत्या

घोडपदेव,
९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

लसूण आईने आधीच चोळला होता. कातडी भाजली आणि डॉक्टरीणबाईंनी दोघींना झापलं. त्या म्हणाल्या, चाईत किडाबिडा नसतो. अंगातली जी ताकद रोगाशी लढते, तीच चुकून केसांच्या मुळांवर उठते. एकाची दुसऱ्याला लागत नाही. डोक्यात चाईवरच इंजेक्शनं देतात, फार दुखतात. आता बारीक पांढरी लव आलीय. केस येतील, कदाचित पुन्हा जातीलही.

सुट्टीत तुझ्याकडे यायचे तेव्हा प्रितीच्या उवा माझ्या डोक्यात यायच्या. एकाच फणीने दोघींना विंचरायचीस आणि वर हसायचीस. तेव्हा नाही आठवली लागण! येत नाही मी. साडीही नको.

लोभ उरला असेल तेवढा असू दे.

रश्मी

वरळी,
१७ ऑगस्ट

चि. रश्मीस,
अ. आ.

प्रितीला कानामागे चाई पडलीय. सासूने तिची उशी, टॉवेल वेगळे काढले. काल जावईबापू तिला इथे सोडून गेले, बरी झाली की पाठवा म्हणाले. पोर भिंतीकडे तोंड करून पडलीय.

तू तर लग्नात फिरकलीही नाहीस, मग लागली कुठून? डॉक्टरीणबाईंचंच खरं. मी विहीणबाईंना तसं सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, लागत नाही तर सख्ख्या भाचीला लांब का ठेवलंत? चाई लागेल म्हणून तुला येऊ दिलं नाही, असं लग्नात मीच फुशारकीने त्यांना सांगितलं होतं. पुढच्या रविवारी माझ्याबरोबर चल. तू शिकलेली, तुझं ऐकतील.

राग माझ्यावर काढ, प्रितीवर नको.

कांताआत्या

घोडपदेव,
२१ ऑगस्ट

ती. आत्यास,
स. जयभीम.

प्रितीसाठी शनिवारी डॉक्टरीणबाईंची वेळ घेतलीय. तोवर तिच्या डोक्याला काही चोळू नकोस. तिच्याबद्दल वाचून मला रडू आलं.

रविवारी येते. पण चाई लागते हे विहीणबाईंना तू सांगितलंस, तेव्हा खोटं होतं हेही तूच सांगायचं. भाचीला उगाच हाकललं, असं माझ्यासमोर म्हणायचं. मी शेजारी गप्प बसेन.

लोभाचं त्यानंतर बघू.

रश्मी